रमेश आणि गणेश, दोघंही "????"

बिलिंग सॉफ्टवेअर घेताना एक गोष्ट कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महाग पडते.

मी पहिलं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा एवढंच विचारलं, "मराठी चालतं ना?" "चालतं की." बटणं मराठीत होती खरी. महिन्याने उधारीची यादी काढली तर रमेशच्या जागी "????" आणि गणेशच्या जागीही "????". आता पैसे मागायचे कोणाकडे? मला वाटलं फॉन्टचा घोळ असेल. पण आत साठवलेलं नावच गेलं होतं. फॉन्ट बदलून ते परत येत नाही.

डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरवावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साधा 'व्हारचार' रकाना सहसा इंग्रजीच्या कोडपेजवर असतो. त्यात मराठी टाकलं की प्रत्येक अक्षराला, मात्रेला एकेक प्रश्नचिन्ह. तिथे 'एनव्हारचार' लागतो. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' घ्या. तिथलं जुनं 'यूटीएफ८' नावालाच पूर्ण आहे: ते एका अक्षराला ३ बाइट देतं, त्यात मराठी-गुजराती बसतं, पण इमोजीला ४ लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरची ऑर्डर जशीच्या तशी चिकटवली की अडकलंच! ८.० आवृत्तीपासून एमबी४ आपोआप येतं, पण जुन्या सॉफ्टवेअरवर भरवसा नको.

रकान्याची लांबीही बघा. 'लक्ष्मीबाई' दिसायला चार अक्षरं, डेटाबेस मोजतो १०.

काही जण म्हणतात, नावं इंग्रजीतच टाका, कटकट नको. मला हे पटत नाही. एक पोरगा 'लक्ष्मी' एक्स लावून लिहितो, दुसरा के-एस-एच लावून, की झाली एकाच बाईची दोन खाती. आणि डहाणू-तलासरीत, उंबरगाव हाकेवर असताना, गिऱ्हाईक मराठी वाचणारं असतं तसं गुजराती वाचणारंही. बिलावर त्याला स्वतःचं नाव वाचता आलं पाहिजे.

म्हणून पैसे देण्याआधी त्यांच्यासमोर बसून एक मराठी नाव, एक गुजराती लिपीतलं नाव आणि एक इमोजी टाका. सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा, नाव शोधा, बिल छापा. विकणारा "नंतर करून देतो" म्हणाला तर थांबा. नंतर रकाना बदलता येतो, गेलेली नावं नाही. माझी मी जुन्या वहीवरून परत भरली. वही रद्दीत दिली नव्हती, म्हणून.