डावपेचांची वही

१९७१ साली एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूचा असोसिएटेड प्रेसचा मान प्रथमच एका बचावपटूला मिळाला. एरवी तो चेंडू फेकणाऱ्यांच्या किंवा घेऊन पळणाऱ्यांच्या वाट्याला जाई. मिनेसोटा व्हायकिंग्जच्या ॲलन पेजने तो समोरची फळी फोडून, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर झेपावून मिळवला. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, तो चारदा खेळला, चारही वेळा हरला. त्याच्या चाहत्यांना हे अजून सलते, पण आम्हाला त्याच्या कारकिर्दीतली दुसरीच गोष्ट मोठी वाटते.

संघाच्या बैठकीत डावपेचांची वही मोठ्याने वाचायची वेळ आली, तेव्हा काही सहकाऱ्यांना ती धड वाचता येत नाही हे पेजच्या ध्यानात आले. ही मुले शाळेतून, पुढे महाविद्यालयातूनही आली होती. मैदानावर ती उपयोगाची होती, म्हणून वर्गात त्यांना कुणी अडवले नाही. याला लाड म्हणत नाहीत, ही फसवणूक आहे. गुडघा गेला की संघ दुसरा खेळाडू आणतो. न शिकवलेली अक्षरे मात्र त्या माणसाला जन्मभर अडवतात.

पेज खेळता खेळता कायदा शिकला आणि १९७८ मध्ये पदवीधर झाला. त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्याला सोडले. लांब पल्ल्याच्या धावण्याने त्याचे वजन घटले होते, अशी संघाची तक्रार. शिकागो बेअर्सने घेतले, तिथे तो १९८१ पर्यंत खेळला. १९९३ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून बसला, त्या न्यायालयातला पहिला कृष्णवर्णीय. सत्तरी गाठल्यावर, २०१५ मध्ये, नियमाप्रमाणे उतरला.

ओहायोतल्या कॅन्टन या त्याच्या जन्मगावी फुटबॉलचे हॉल ऑफ फेम आहे. त्या इमारतीच्या बांधकामावर त्याने शाळकरी वयात मजुरी केली होती. १९८८ मध्ये तिथेच त्याचा गौरव झाला. अशा वेळी आपली ओळख करून द्यायला खेळाडू सहसा प्रशिक्षकाला किंवा जुन्या सवंगड्याला बोलावतात. पेजने मिनिआपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले, आणि भाषणातही तो बोलला शिक्षणावरच.

त्याच वर्षी त्याने शिष्यवृत्तीसाठी प्रतिष्ठान काढले. पैसे घेणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे एक अट आहे: आपल्याहून लहान मुलांपाशी बसायचे आणि त्यांना शिकायला मदत करायची.