रोजगार मेळाव्यांचा खरा हिशेब

जिल्ह्याच्या ठिकाणी रोजगार मेळावा भरणार अशी वार्ता आली की तालुक्यातालुक्यांतून तरुण तिकडे धाव घेतात. मंडप, स्वागतफलक, मान्यवरांची भाषणे आणि हातात प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रती घेऊन उभ्या असलेल्या उमेदवारांच्या रांगा हे दृश्य आता परिचयाचे झाले आहे. दुसऱ्या दिवशी आकडे प्रसिद्ध होतात. इतक्या कंपन्या आल्या, इतक्यांनी नावे नोंदविली, इतक्यांची 'प्राथमिक निवड' झाली. त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष कामावर रुजू झाले आणि सहा महिन्यांनी किती जण टिकून होते, हे मात्र क्वचितच कळते. एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी खर्चून तेथे जाणाऱ्या तरुणाच्या पदरी नेमके काय पडते, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करावयास हवा. केंद्र सरकारने २२ ऑक्टोबर २०२२ रोजी 'रोजगार मेळा' सुरू केला व पहिल्याच दिवशी सुमारे ७५ हजार नियुक्तिपत्रे दिली. परंतु ही पत्रे निरनिराळ्या भरती प्रक्रियांतून आधीच निवड झालेल्यांची होती. ज्याच्यापाशी नोकरी नाही, त्याच्यासाठी तो मेळा नव्हताच. येथे विचार करावयाचा तो खासगी मालक आणि उमेदवार यांना समोरासमोर आणणाऱ्या मेळाव्यांचा.

ही गरज निर्माण का झाली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५९ च्या कायद्याने खासगी क्षेत्रातील २५ वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन घातले होते. मात्र त्या कार्यालयाने धाडलेल्या उमेदवारांतूनच भरती केली पाहिजे, असे बंधन त्यात नव्हते. कार्डाचे नूतनीकरण करीत 'कॉल'ची वाट पाहण्यात कित्येकांची उमेदीची वर्षे गेली. पुढे २०१५ साली राष्ट्रीय करिअर सेवेचे संकेतस्थळ आले, राज्यात 'महास्वयम्' आले. तरीही मालकाला माणूस मिळत नाही आणि माणसाला काम मिळत नाही, ही दुहेरी तक्रार कायमच राहिली.

बाजारात माहिती फुकट मिळत नाही, ती शोधण्यास खर्च पडतो, हे जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले व पुढच्याच वर्षी तो विचार श्रमबाजारास लावला. हा खर्च सर्वांना सारखा नसतो. ज्याचा मामा कारखान्यात फोरमन आहे, त्याला जागा निघाल्याचे घरबसल्या कळते. शेतमजुराच्या पदवीधर मुलीला ते कोण सांगणार? ओळखीपाळखीचे भांडवल ज्यांच्यापाशी नाही, त्यांचा हा खर्च कमी करणे हे मेळाव्याचे खरे प्रयोजन होय.

परदेशातील दोन अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहेत. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथे संशोधकांनी प्रयोगादाखल रोजगार मेळावे भरविले. हजर राहिलेल्या दर दहा कंपन्यांमागे जेमतेम एक नेमणूक झाली. उमेदवारांच्या वेतनाच्या अपेक्षा आणि कंपन्यांच्या अनुभवाच्या अपेक्षा, दोन्ही वास्तवापासून दूर होत्या. तथापि त्या भेटीनंतर अपेक्षा बदलल्या, काम शोधण्याची रीत बदलली आणि कमी शिकलेल्या उमेदवारांना पुढे अन्यत्र अधिक स्थिर कामे मिळाली. फिलिपीन्सच्या ग्रामीण भागात परदेशी नोकऱ्यांच्या मेळाव्यास गेलेल्यांचे परदेशगमन वाढले नाही, पण देशातच संघटित क्षेत्रात काम मिळण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे मेळाव्याचे फळ मंडपात क्वचितच मिळते. ते मिळते मागाहून, आणि तेही माहितीच्या रूपाने.

म्हणूनच ती माहिती पुरी आणि खरी असणे अगत्याचे आहे. आपल्याकडे नेमकी येथेच गोम आहे. वाशीमच्या वा हिंगोलीच्या तरुणाला चाकण किंवा वाळूजची जागा देऊ केली जाते, तेव्हा वेतनाचा आकडा मोठा वाटतो. खोलीभाडे, खाणावळ आणि प्रवास वजा जाता घरी काय धाडता येईल, हे कोणी सांगत नाही. नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, हेही संदिग्ध राहते. अनेक जागा शिकाऊ उमेदवारांच्या असतात. १९६१ च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार गणला जात नाही, आणि मुदत संपताच त्याला आपोआप नोकरी मिळत नाही. शिकण्याची संधी म्हणून अशी जागा जरूर घ्यावी, परंतु तिला नोकरी म्हणणे ही फसगत होय.

मेळावे म्हणजे निव्वळ देखावा, ते बंद करावेत, असे म्हणणारेही आहेत. त्यांचा राग समजण्याजोगा असला तरी उपाय चुकीचा आहे. मेळावे बंद झाल्याने ओळखीवाल्यांचे काहीच बिघडणार नाही, हानी होईल ती ओळख नसलेल्यांची. त्यापेक्षा आयोजकांवर दोन बंधने घालावीत. प्रत्येक जागेचे हाती पडणारे वेतन, ठिकाण, मुदत आणि मालकाचे नाव आठवडाभर आधी जाहीर व्हावे. आणि सहा महिन्यांनी कितीजण कामावर आहेत, याचा आकडा उद्घाटनाच्या आकड्याइतक्याच ठळकपणे प्रसिद्ध व्हावा. महाविद्यालयांनीही विद्यार्थ्यांना बायोडाटा लिहिण्याबरोबर हे प्रश्न विचारण्यास शिकवावे.

तरुणांनी मेळाव्यास अवश्य जावे, पण नोकरी घेऊनच परतायचे या हट्टाने जाऊ नये. चार मालकांना काय हवे आहे, आपल्या पदवीला बाजारात काय भाव आहे आणि कोणते कौशल्य कमी पडते, एवढे कळले तरी भाड्याचे पैसे वसूल झाले. कोणी अनामत रक्कम मागितलीच, तर तेथून सरळ उठावे. रिकाम्या हाताने परतलेला तरुण अधिक शहाणा होऊन परतला की केवळ अधिक निराश होऊन, यावरच मेळाव्याचे यशापयश ठरवावे लागेल. मंडपातील गर्दीवरून ते ठरणार नाही.