हृद्रोग आणि सातबारा

हृद्रोगाचा झटका आला म्हणजे शेतकऱ्याचे कुटुंब आधी रुग्णालयाकडे व मागाहून सावकाराकडे धावते. रक्तवाहिनीत बसवावयाच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपयांवर बांधली, हे स्तुत्यच होय. परंतु खाजगी रुग्णालयातील खोली, तपासण्या व डॉक्टरांची फी त्या बंधनाबाहेरच राहिली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार विनामूल्य होतो, पण केवळ अंगीकृत रुग्णालयांत. आणि ती कोणती, हे झटक्याच्या रात्री शोधण्यास सवड नसते. यास्तव आमची शेतकरी बंधूंस विनंती की, नजीकच्या अशा रुग्णालयाचे नाव आजच टिपून ठेवावे व रक्तदाब नियमाने तपासवून घ्यावा. बुडालेले पीक पुढील हंगामी पुन्हा उभे राहते. विकलेली जमीन परत येत नाही.