कूलरच्या दोन नळ्या



ज्वारीच्या मळणीत ट्रॅक्टर दिवसभर एका जागी उभा राहून मळणीयंत्र फिरवतो. वरून फाल्गुनातले ऊन, समोर कोंड्याचा धुरळा. गिअरबॉक्सच्या तेलाला कूलर असेल, तर तापलेले तेल एका नळीने रेडिएटरपुढच्या कूलरमध्ये येते आणि निवून दुसरीने परत जाते. कूलरची जाळी कोंड्याने बुजली की तेल निवत नाही. ती रोज झाडावी. पण नळीच निसटली तर?

गेल्या हंगामात आमच्यातल्या एकाने रेडिएटरच्या कामासाठी ट्रॅक्टर गॅरेजात दिला. परत जोडताना तिथल्या मिस्त्रीने तेलाच्या नळीऐवजी पाण्याची रबरी नळी चढवली. तेलाने असली नळी फुगते, मऊ पडते. तिसऱ्या दिवशी ती क्लिपमधून निसटली आणि खळ्यावर तेलाचे तळे झाले. चूक मिस्त्रीची, बिल शेतकऱ्याच्या नावावर!

तेव्हा काम चालू असताना बांधावर जाऊन बसू नका, शेजारी उभे राहा. सोडण्याआधी परतीच्या नळीला चिंधी बांधून खूण करा. उघडी तोंडे प्लॅस्टिकने झाका. नट फिरवताना दोन पाने हवेत: एकाने कूलरचे तोंड धरायचे, दुसऱ्याने नट. एकाच पान्याने जोर केला तर कूलरचा पाईप पिळवटतो. ओ-रिंग, वायसर नवेच घाला. नळी तेलाची, दाबाला टिकणारी हवी. गिअरबॉक्स आधी बिघडलेला असेल तर धातूची चुरी कूलरमध्ये अडकून राहते. तो नीट धुवा, नाहीतर बदला. मग इंजिन चालवून सांधे पाहा. गळती बोटाने चाचपू नका, तेल भाजते. शेवटी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तेलाची पातळी पाहून कमी पडलेले भरा.

यात गुपित काय आहे? तरी नळ्यांचा नकाशा विक्रेत्याच्या कपाटात, तोही बहुधा इंग्रजीत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून दुरुस्तीची माहिती, सुटे भाग व हत्यारे शेतकऱ्याला देणे यंत्र बनवणाऱ्यांना भाग पडले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीयंत्रेही होती. लाखोंचा ट्रॅक्टर आम्ही घ्यायचा, हप्ते आम्ही फेडायचे, आणि त्याच्या दोन नळ्या कुठून कुठे जातात ते मात्र विचारायचे नाही!

आमची मागणी साधी आहे. नकाशा मराठीत, ट्रॅक्टरबरोबरच द्या. नळी मापाने सुटी विका. आपापल्या विक्रेत्याकडे ही मागणी लेखी द्या, पोच घ्या आणि ती पोच पुढच्या जिल्हा बैठकीला सोबत आणा.