ओसरीवरून : तीन वस्तूंचा पाठ

आमची नात उच्च शिक्षणासाठीं फ्रान्समधील ल्यों शहरीं गेली, तेव्हां तिच्या पेटींत पुस्तकांपेक्षां बाटल्याच अधिक होत्या. त्यामागें एक कहाणी आहे, आणि तींत मी निर्दोष नाहीं.

ती सोळा वर्षांची असतांना एका लग्नघरीं चार माणसांत मी बोलून गेलों, "पोर हुशार आहे; वर्ण थोडा उजळ असता तर!" तिनें तें ऐकलें आणि गुपचूप गोरेपणाचें एक मलम आणून लावलें. त्यांत स्टेरॉइड होतें. चेहरा प्रथम उजळला, मग लाल होऊन पुटकुळ्या उठल्या, आणि मलम थांबवितांच आग होऊं लागली. त्वचारोगतज्ज्ञांच्या उपचारांनीं कित्येक महिन्यांनीं आराम पडला. भीति मात्र राहिली; म्हणून त्या बाटल्या.

फ्रान्समध्यें हिरव्या क्रूसाची खूण असलेल्या औषधालयांत अशीं प्रसाधनेंहि मिळतात, आणि औषधतज्ज्ञ सल्ला देतात. तेथील बाईंनीं नातीची यादी ऐकून घेतली, सर्व बंद करावयास सांगितलें व तीनच वस्तु दिल्या.

पहिली, रात्रीं चेहरा स्वच्छ करण्यासाठीं बायोडर्माचें मायसेलर जल. हें १९९५ सालीं निघालें. त्यांतील सौम्य क्षालकाचे रेणु एकत्र येऊन सूक्ष्म गोळ्या बनतात. तेलाशीं सख्य असलेलीं टोकें आंत व पाण्याशीं सख्य असलेलीं बाहेर, अशी ही रचना असल्यामुळें तेलकट मळ आंत ओढला जातो. कापसानें हलकेंच टिपावें, घासूं नये. मागाहून साध्या पाण्यानें धुतल्यास उत्तम.

दुसरी, आवेनची सुगंधरहित, मोजक्या घटकांची मलई. आवेन हें दक्षिण फ्रान्समधील गांव. तेथील झऱ्यावर त्वचाविकारी अठराव्या शतकापासून येत आहेत. मलई किंचित् ओलसर चेहऱ्यावर लावावी, म्हणजे ओलावा टिकतो.

तिसरी, सकाळीं लावावयाचें ला रोश-पोझेचें ऊनरोधक, अंक ५०. त्वचा भाजणाऱ्या किरणांचा सुमारें पन्नासावा हिस्साच तें आंत जाऊं देतें. पण भरपूर लावलें तरच. चेहरा व मान यांस दोन बोटांच्या लांबीइतकें घ्यावें, आणि उन्हांत असल्यास दर दोन तासांनीं पुन्हां लावावें.

कोणतीहि नवी वस्तु आधीं कोपराच्या आंतल्या बाजूस कांहीं दिवस लावून पाहावी. बाटलीवरील देशाचें नांव हें औषध नव्हे. हींच तीन कामें करणारीं साधीं द्रव्यें आपल्याकडेहि मिळतात. मात्र गोरेपणाचें आश्वासन देणारी वस्तु वैद्यांस विचारल्यावांचून घरांत आणूं नये.

परवां नात फोनच्या पडद्यावर दिसली. वर्ण तोच सांवळा. चेहरा मात्र नितळ आणि हसरा. मीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही फिरावयास जातांना कपाळाला ऊनरोधक लावतां ना?" त्यापुढें तिनें तो विषय वाढविला नाहीं.

वाचकहो, आपल्या घरच्या मुलींच्या वर्णाविषयीं आपण वडीलधाऱ्यांनीं मौन पाळलें, तर पेटींतल्या निम्म्या बाटल्या आपोआपच कमी होतील.