न भरणारी जखम वयाच्या नावावर घालू नका

बांद्यात आणि तेरेखोलच्या काठावरच्या वाड्यांत पडवीत बसलेल्या आजीच्या नडगीवर फडकं बांधलेलं असतं. खाली हळद नि खोबरेल, कडा टणक, धक्का लागला की रक्त. विचारलं तर म्हणते, "वय झाला आता!" हे उत्तर आपण किती दिवस ऐकून घेणार?

१. ऊन त्वचेच्या पेशींतल्या डीएनएला रोज इजा करतं. पेशी ती दुरुस्त करते, पण एखादी चूक राहूनच जाते. साठ-सत्तर वर्षांत अशा चुका साचतात आणि दुरुस्तीचं, प्रतिकाराचं बळ घटतं. म्हणून त्वचेचा कर्करोग उतारवयात वाढतो. म्हाताऱ्या माणसाची जखम सर्वांत आधी तपासली पाहिजे.

२. सावळ्या रंगावर निर्धास्त राहू नका. तो उन्हापासून बरंच राखतो, जुन्या व्रणापासून राखत नाही. भात उकडताना उसळलेल्या पाण्याने भाजलेला पाय तीस वर्षांनी फुटतो, भरतो, पुन्हा फुटतो. या सततच्या झिजेतून कर्करोगाला वाट मिळते. तळव्यावरचा वाढता काळा डाग कुरूप समजून ब्लेडने खरवडला जातो. आपल्याकडे मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग बहुधा तिथेच होतो! आणि कंबर? टाटा मेमोरियलचे डॉ. व. रा. खानोलकर (आडनाव आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचं) यांनी धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद १९४५ साली केली. पुढे परकराच्या नाडीखालीही तो सापडला. ऐंशी वर्षांपूर्वीचं हे ज्ञान आपल्या वाडीपर्यंत पोचलेलं नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

३. सरकारी कर्करोग तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखापुरती. पण कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई घरोघर येऊन चट्टे विचारतातच ना? मग त्याच वेळी महिनाभर न भरलेली जखम, तळवा आणि कंबरही पाहावी. नवं पद नको, यंत्र नको. आशाताईंच्या यादीत ही एक ओळ आरोग्य विभागाने वाढवलीच पाहिजे.

४. संशय आला, तर जखमेचा तुकडा तपासायला अख्खा माणूस कशाला हलवायचा? तो जवळच्या रुग्णालयात काढून फॉर्मॅलिनच्या बाटलीतून ओरोसच्या सरकारी रुग्णालयात पाठवता येतो. मुलाचा रोज बुडवून पत्रादेवीची हद्द ओलांडायची, गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठायचं, या धास्तीनेच महिने जातात. लहान गाठ जागेवर भूल देऊन निघते; जांघेत अवधाण आल्यावर मोठी शस्त्रक्रिया, कधी पायच जातो.

५. आज रात्री ते फडकं सोडा. पाय दिव्याजवळ घ्या, तळवाही बघा. जखमेला महिना उलटला असेल तर उद्याच आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा: तुकडा कधी घेता?