खिदमत आपली, जबाबदारी त्यांची

7 मार्च 2022 रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. मतदान झालं 15 जानेवारी 2026 रोजी. जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाकडे आणि शहरात एकही नगरसेवक नाही. गटार तुंबलं की धावायची ती मोहल्ल्यातली पोरं.

आता 227 नगरसेवक आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर अपडेट येतात: साहेब नाल्यावर, साहेबांच्या हातात झाडू, मागे टी-शर्ट घालून आपण. पण काम कधी संपणार, खर्च किती, कंत्राटदार कोण, हे त्यात नसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे नुसता फोटो टाकून तक्रार बंद करता येत नाही.

खिदमत सोडा, असं मी म्हणत नाही. नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा घरातच वेगळा केला, पण पालिकेला तिच्या वाट्याचं काम माफ केलं नाही. आपण मात्र झाडूही मारतो आणि वर साहेबांचे आभारही मानतो. मुस्लिम वस्तीत पाण्याची लाइनसुद्धा मेहेरबानी ठरते, ती या सवयीमुळेच. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे.

दोस्तांनो, रविवारी झाडू जरूर उचला. सोमवारी 1916 वर फोन करा, तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच ग्रुपवर टाकून विचारा: साहेब, हे कधी होणार? ग्रुपमधून काढलं, तर तोच प्रश्न लेखी वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या.